फोटोतला किनारा

दापोली तालुक्यातील मुरुड, कर्दे, लाडघर यांपैकी कोणत्याही किनाऱ्याचे छायाचित्र घ्या. दिनदर्शिकेवर असते तसे. पुढे ओली वाळू, मागे सुरूचे बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि टेकडीच्या उतारावर आंबा-काजू. खाली ओळ छापलेली असते, 'कोकणचे निसर्गसौंदर्य'. हे चित्र वर्गात फळ्यावर टांगावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे, यात माणसाचा हात कोठे दिसतो? मुले बराच वेळ शोधतात. कोणी कोपऱ्यातल्या होडीवर बोट ठेवते, कोणी चित्रात माणूसच नाही म्हणून मोकळे होते.

आता एकेक वस्तू तपासू या. सुरू हे झाड मूळचे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचे. भारतात त्याची पद्धतशीर लागवड १८६८ साली कारवारजवळ झाली; सरपण मिळावे आणि उडती वाळू थांबावी म्हणून ती पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला. आंबा इथलाच, पण हापूसचे प्रत्येक झाड म्हणजे माणसाने बांधलेले कलम. नारळ आणि सुपारी तर शिंपण्यावाचून आणि गडग्यावाचून अशा रांगेत उभ्याच राहणार नाहीत. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचे चित्र म्हणतो, त्यातली बहुतेक हिरवाई माणसाने लावलेली आहे. पूर्वीच्या किनाऱ्याची खूण हवी असेल तर सुरूच्या पुढे वाळूवर सरपटणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल शोधावी लागते. फोटो काढणारा बहुधा तिच्यावरच तिपाई रोवून उभा असतो.

यात फोटोग्राफरचा दोष आहे असे नाही. छायाचित्र जे समोर होते ते दाखवते. ते तेथे का होते आणि कधीपासून होते, हे दाखवत नाही. परिसंस्था म्हणजे तर मुख्यतः 'का' आणि 'कधीपासून' यांचाच व्यवहार. मग कॅमेऱ्याने परिसंस्था आणि तिच्यावरचा माणसाचा परिणाम टिपता येतो तरी कसा? दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत जे घडले त्यात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पण त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

चित्रातून प्राणी नोंदवण्याची हौस या जिल्ह्यात कॅमेऱ्याच्या फार आधीची आहे. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे आता सर्वांना ठाऊक झाली आहेत. उक्षीला हत्ती आहे. कशेळीला तर एका प्रचंड हत्तीच्या आकृतीच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत. रत्नागिरीच्या त्या सड्यांवर आज रानहत्ती फिरत नाहीत. तेव्हा कोरणाऱ्याने हत्ती इथे पाहिला, की दुसरीकडे पाहून इथे आठवला? चित्र साक्ष देते, पण ती साक्ष उलटतपासणीवाचून स्वीकारता येत नाही. हाच नियम आपण फोटोलाही लावणार आहोत.

बंदुकीकडून भिंगाकडे

१८८० साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नियतकालिक चालवत. पाच वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. यादी करणारे जी. डब्ल्यू. व्हिडाल हे रत्नागिरी जिल्ह्यात काम केलेले मुलकी अधिकारी होते, आणि त्याच साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरच्या मजकुरातही त्यांचा मोठा वाटा होता. ही यादी आजही उपयोगी पडते. आजचा अभ्यासक समुद्री गरुडाचे घरटे शोधायला निघतो, तेव्हा शतकापूर्वी हा पक्षी या किनाऱ्यावर होता का, हे तो व्हिडालच्या यादीत पाहतो.

या यादीत छायाचित्र नाही. असणे शक्यच नव्हते. छायाचित्रण तेव्हा चाळीस वर्षांचे झाले होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. पण त्या काळची ओल्या काचेची पद्धत पाहा. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांत अंधाऱ्या तंबूत धुवायची. कोकणच्या दमट हवेत हा सगळा संसार बैलगाडीवर घालून फिरायचे. काचेवर उजेड पडू द्यायला कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळात किल्ला हलत नाही, देऊळ हलत नाही, साहेब डोके लोखंडी आधाराला टेकवून बसतो. पक्षी मात्र बसत नाही. म्हणून पक्ष्याची नोंद म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी, भुसा भरलेले कातडे आणि पायाला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, गाव, नर की मादी आणि पाडणाऱ्याचे नाव.

या चिठ्ठीचे महत्त्व आम्ही मुद्दाम सांगत आहोत. पुढे बंदूक गेली ते फार चांगले झाले, पण तिच्याबरोबर अनेकांच्या हातून चिठ्ठीही गेली.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेण्याचा पहिला टप्पा तर अगदी शब्दशः बंदुकीचाच आहे. १८८२ साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने दस्ता आणि चाप असलेला कॅमेरा केला. नळीत भिंग, गोळ्यांच्या जागी फिरणारी काचेची तबकडी, आणि सेकंदाला बारा चित्रे. उडत्या पक्ष्याचा पंख कसा वरखाली होतो हे त्याला पाहायचे होते. तोवर वाळक्या जिलेटिनच्या काचा बाजारात आल्या होत्या आणि त्यांच्यामुळे फोटो सेकंदाच्या लहानशा भागात निघू लागला. १८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला. १८९५ मध्ये त्यांचे घरट्यांवरचे सचित्र पुस्तक आले. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून या भावांनी बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवले आणि त्याच्या पोटात बसून फोटो काढले. ही गोष्ट मुलांना सांगावी. ती विसरत नाहीत.

आपल्याकडे संयुक्त प्रांतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. तारेला वाघाचा पाय लागला की झगमगाट व्हायचा आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा. १९२७ साली हे फोटो पुस्तकरूपाने आले. लोकांना त्यातले वाघ दिसले. चॅम्पियनला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. एकच वाघ पुन्हा आला की फोटोवरून ओळखता येतो. बंदुकीने मिळालेला वाघ एकदाच मोजता येत होता. फोटोतला वाघ पुन्हा पुन्हा भेटू लागला. पुढे १९९० च्या दशकात उल्लास कारंत यांनी नागरहोळेत याच तत्त्वावर वाघांची मोजणी केली. निसर्ग-छायाचित्रणाच्या इतिहासातला हा खरा वळणबिंदू आहे असे आम्हाला वाटते. 'वाघ कसा दिसतो' या प्रश्नाऐवजी 'हा वाघ कोणता' हा प्रश्न विचारता आला.

जे नेहमीचे, ते फोटोत नाही

कॅमेऱ्याची एक खोड मात्र पहिल्यापासून आहे. तो दुर्मीळ वस्तूकडे वळतो. गिधाडांचे उदाहरण घ्या. १९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीची गिधाडे कोणत्याही गावाबाहेर, मेलेल्या गुराभोवती दिसत. फिल्मच्या रिळात छत्तीस चित्रे. प्रत्येकाला पैसे पडायचे. गिधाडावर ते कोण घालवील? नंतर ही गिधाडे नाहीशी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्यांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ साली भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. ही घट आकड्यांत मांडता आली, कारण काही अभ्यासक नेहमीचा पक्षी नेहमीच्या वाटेवर नेमाने मोजत होते. पण आपल्या गावात किती होती, कोणत्या झाडावर बसत, हे बहुतेक गावांत म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतच उरले आहे. बाहेर फोटो नाहीत.

कासवाची गोष्ट याच खोडीतून सुरू होते. ओडिशात गहिरमाथा येथे हजारो ऑलिव्ह रिडले माद्या एकाच वेळी अंडी घालायला वर येतात. १९७४ साली ही जागा शास्त्रज्ञांच्या नजरेत आली, आणि वाळूवर कासवेच कासवे असे फोटो जगभर छापून आले. भारतातले समुद्री कासव म्हणजे ओडिशा, असे समीकरण पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचले. कोकणात तीच जात येते, पण एकेकटी. रात्री एक मादी येते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि तासाभरात परत जाते. मागे उरते ती वाळूवरची एक रेघ, ट्रॅक्टरच्या चाकासारखी. तीही पुढच्या भरतीला पुसली जाते. याचा फोटो कोण काढणार? गावातल्या काही जणांना मात्र ती रेघ चांगली वाचता येत होती. तिच्या टोकाला अंडी असतात आणि अंडी खाता येतात, विकता येतात.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने हिंडत होते. भाऊ काटदरे हे या संस्थेचे संस्थापक. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. शोधत होते गरुडाचे घरटे, मिळाले कासवाचे. त्याच हंगामापासून वेळासच्या ग्रामस्थांबरोबर काम सुरू झाले. पूर्वी अंडी काढणारेच पुढे अंडी राखू लागले, कारण रेघ वाचण्याचे ज्ञान त्यांच्याकडेच होते. ही गोष्ट आम्हाला सगळ्या मोहिमेत सर्वात महत्त्वाची वाटते.

पद्धत अशी. पहाटे किनारा चालायचा, रेघ दिसली की घरटे शोधायचे, अंडी हलक्या हाताने काढून कुंपणात तशाच आकाराच्या खड्ड्यात पुरायची. हे काम घालल्यापासून काही तासांत व्हावे लागते. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडे फिरले तर तो मरतो. कोल्हे, कुत्रे आणि माणूस यांच्यापासून अंडी वाचतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९-३० अंश सेल्सियसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. त्यामुळे कुंपणावर सावली किती आणि वाळू कोणती, हा पिल्लांच्या दृष्टीने साधा प्रश्न नाही.

पुढे हे काम दापोली तालुक्यातील आंजर्ले, केळशी आणि इतर गावांत, तसेच रायगड आणि सिंधुदुर्गात पसरले. वनखाते त्यात आले. २००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. लोकांनी गावात यावे, घरोघरी राहावे, जेवावे आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहावीत. गावाला उत्पन्न मिळेल आणि कासव जिवंत राहण्यात गावाचा लाभ राहील, असा हिशेब होता. हिशेब जमला. पण पाहुण्यांबरोबर कॅमेरेही आले.

कॅमेरासुद्धा एक घटक

पिल्लू समुद्राची दिशा कशी ओळखते? अंधाऱ्या किनाऱ्यावर जमिनीकडची बाजू झाडे आणि टेकड्यांमुळे उंच व काळी असते. समुद्राकडचे क्षितिज खाली आणि जरा उजळ असते. पिल्लू उजळ, सखल बाजूकडे चालू लागते. लाखो वर्षे हा नियम चुकला नाही. विजेचा दिवा आला आणि चुकला. हॉटेलचा दिवा जमिनीच्या बाजूला असेल तर पिल्लू तिकडे जाते, आणि उन्हे वर येईपर्यंत वाळूतच सुकते किंवा कावळ्याच्या तोंडी पडते. समुद्री कासवांचे डोळे निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात, तांबड्याला कमी. मोबाइलचा पांढरा दिवा आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांत निळा भाग भरपूर. मोठ्या मादीची गोष्ट वेगळी: अंडी घालायला वर येताना उजेड किंवा हालचाल दिसली तर ती अंडी न घालताच परत फिरते.

त्यात पायांचे खड्डे आले. शंभर माणसे वाळूवर उभी राहिली की वाळू खाचखळग्यांची होते. माणसाच्या टाचेचा खड्डा बोटाएवढ्या पिल्लाला विहिरीसारखा. म्हणून महोत्सवात दोरी बांधतात, पाहुण्यांना दोरीमागे उभे करतात, फ्लॅश आणि पिल्लाला हात लावणे दोन्ही मना असते. हे नियम गावातले कासवमित्र आवाज चढवून पाळायला लावतात, आणि त्यांना ते करावे लागते, कारण चांगला फोटो हवा असलेला शहाणा माणूससुद्धा दोरीखालून हात पुढे सरकवतो.

आणखी एक बाब थोडी अवघड आहे. पिल्ले निसर्गतः बहुधा रात्री, वाळू थंड झाल्यावर वर येतात. वर आल्यावर पहिले काही तास त्यांच्या अंगात विलक्षण जोर असतो. पिवळ्या बलकाच्या शिल्लक साठ्यावर ती न थांबता किनाऱ्यापासून दूर पोहत जातात. किनाऱ्याजवळचे मासे आणि पक्षी टाळण्याचा तोच उपाय. महोत्सवात पिल्ले सोडण्याच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या असतात, लोकांना दिसावे म्हणून. टोपलीखाली थांबलेल्या पिल्लाचा जोर तेथेच खर्च होतो. थांबणे जितके लांबेल तितका तोटा. सोनेरी उजेडात लाटेकडे धावणारे पिल्लू हा या किनाऱ्यावरचा सर्वांत गाजलेला फोटो; त्यातला उजेडच पिल्लाच्या नेहमीच्या वेळेचा नाही. हे मुलांना सांगायला हवे. पण त्याचबरोबर हेही सांगायला हवे, की पाहुणे नसते तर किनाऱ्यावर पहाटे चालायला किती जण राहिले असते हा प्रश्न खरा आहे. दोन्ही बाजू वजनात ठेवून आमचे मत असे की महोत्सव असावा, पण पिल्लांची वेळ पाहुण्यांच्या सोयीने फार ताणू नये. दिवसभरात वर आलेली पिल्ले लवकरात लवकर सोडावीत आणि पाहुण्यांनी मिळाले तर पाहावे.

पक्ष्यांच्या घरट्यांबाबत हाच धडा आधी शिकून झाला आहे. किअर्टन बंधूंच्या काळापासून घरट्याचा फोटो म्हणजे मानाचा फोटो. त्यासाठी आडव्या येणाऱ्या डहाळ्या बाजूला बांधायच्या किंवा छाटायच्या. फोटो स्वच्छ येतो, पण पिल्लांवर ऊन पडते आणि कावळ्याला घरटे दिसते. आज अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत.

पाठीवरच्या पट्ट्या आणि परावरचा बिल्ला

चॅम्पियनच्या वाघासारखा 'हे कासव कोणते' असा प्रश्न विचारता येईल का? ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना शृंगी पट्ट्या असतात. इतर बहुतेक समुद्री कासवांत त्यांची संख्या ठरलेली. रिडलेत ती बदलते, साधारण पाच ते नऊ, आणि पुष्कळदा डावीकडे एक तर उजवीकडे वेगळी. गालावरच्या खवल्यांची मांडणीही प्रत्येकाची वेगळी. म्हणजे वरून आणि दोन्ही बाजूंनी नीट काढलेला फोटो हा त्या मादीचा जणू ठसाच. पण मादी वर्षानुवर्षे समुद्रात आणि वर येते ती अंधारात, तासाभरासाठी, जेव्हा फ्लॅश वापरायचा नाही. म्हणून कासवाच्या परावर क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावणे, किंवा पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र चिकटवणे, हे मार्ग घ्यावे लागतात.

जानेवारी २०२२ मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा असे यंत्र बसवले गेले. वेळासच्या मादीचे नाव 'प्रथमा' आणि आंजर्ल्याच्या मादीचे 'सावनी'. पुढच्या महिन्यात गुहागरला आणखी तीन माद्यांवर यंत्रे बसली. राज्याचा कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचे हे काम. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' किनाऱ्याने दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. नकाशावरची ही रेघ पाहून अभ्यासकांच्या मनात शंका आली, की पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे आपण मानतो तितकी वेगळी नसावीत.

उत्तर साध्या बिल्ल्याने दिले. २७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरला अंडी घालणाऱ्या एका मादीच्या परावर ०३२३३ हा क्रमांक दिसला. तो २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात गहिरमाथा येथे लावलेला होता. म्हणजे जगप्रसिद्ध फोटोंतल्या त्या गर्दीतली एक मादी साडेतीन हजार किलोमीटरवर, कोकणच्या निवांत किनाऱ्यावर एकटीच येऊन घरटे करत होती. बिल्ल्याचे काम व्हिडालच्या पक्ष्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीसारखेच, फक्त प्राणी जिवंत ठेवून.

भरती पाहून फोटो

शाळेला हे काम करता येईल का? बिल्ला लावता येणार नाही, पण किनारा बदलतो आहे का हे पाहता येईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या झोपल्या. आडवी झालेली नारळ-पोफळ सर्वांनी पाहिली. फोटोत एका दिवसाचे नुकसान दिसते. नवे झाड धरायला पाच-सात वर्षे लागतात, ती फोटोत दिसत नाहीत. ती दाखवायची तर त्याच जागेवरून दरवर्षी फोटो हवा, आणि एक वादळाआधीचाही हवा. वादळाआधी तो काढावा असे कोणाला सुचणार? म्हणूनच कारण नसताना, नेमाने काढलेला फोटो मोलाचा.

एक ठिकाण ठरवावे: देवळाची पायरी, बंधाऱ्याचा कोपरा, असे काहीतरी न हलणारे. दिशा होकायंत्राने लिहून ठेवावी. चौकटीत एखादी कायमची वस्तू यावी. हर्णैहून काढत असाल तर सुवर्णदुर्गाचा एखादा बुरूज चालेल. महिन्याला एक फोटो पुरे. आणि भरतीची वेळ पाळावी, कारण किनाऱ्याच्या फोटोत सर्वांत मोठी फसवणूक भरती-ओहोटीच करते. समजा वाळूचा उतार दर ५० मीटरला १ मीटर आहे. पाण्याची पातळी २ मीटरने उतरली, तर काठ १०० मीटर मागे जातो. एक फोटो ओहोटीचा आणि दुसरा भरतीचा घेतला, की कोणताही किनारा 'समुद्राने गिळला' असे दाखवता येते. असे फोटो वर्तमानपत्रांत येतातही.

कोकणात यासाठी सोपे गणित आहे. तिथीला पाऊणपट केले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल असो वा कृष्ण. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तेव्हा दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास, पाणी पूर्ण ओसरलेले असताना, त्याच पायरीवर उभे राहून फोटो घ्यावा. त्याच्यामागे पेन्सिलने तिथी, तारीख, वेळ, दिशा आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे; मोबाइलवर काढला असेल तर वहीत. मर्यादवेल फोटोत कोठवर दिसते, सुरूची पुढची रांग कोठे आहे, आणि दोहोंमध्ये कोरडी वाळू किती पावले उरली आहे, हे चालून मोजावे. मादी घरटे करते ते त्या कोरड्या पट्ट्यातच.